रात्रीची नोंदवही : स्वमग्न मुलांच्या झोपेचा इतिहास

#धागा

१/
१९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावातून एक पत्र बाल्टिमोरला गेले. पत्र होते ३३ टंकलिखित पानांचे. लिहिणारे गृहस्थ पेशाने वकील, आणि विषय त्यांचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड. तो काय खातो, काय टाळतो, कशाने बिथरतो, कोणते शब्द पुन्हापुन्हा म्हणतो, कोणत्या वस्तू तासन्‌तास फिरवत बसतो, हे सारे त्यांनी तपशीलवार उतरवले होते. पत्र ज्यांच्या हाती पडले ते लिओ कॅनर हे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ होते.

२/
पाच वर्षांनी, १९४३ साली, कॅनर यांनी आठ मुलगे आणि तीन मुली अशा ११ मुलांच्या निरीक्षणांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्वमग्नतेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या निबंधापासून मानला जातो. त्यातील पहिले प्रकरण डोनाल्डचे आहे आणि त्याचा मोठा भाग वडिलांच्या त्या पत्रावर उभा आहे. इतर मुलांच्या बाबतीतही आईवडिलांच्या रोजनिश्या आणि आठवणी हेच कॅनर यांचे महत्त्वाचे साधन होते.

३/
मात्र निबंधाच्या अखेरीस या साधनांचा अर्थच पालटतो. इतक्या बारीक नोंदी ठेवणे हे पालकांच्या अतिचिकित्सक, पछाडलेल्या वृत्तीचे लक्षण असल्याचे कॅनर यांनी सुचवले. खऱ्या अर्थाने मायाळू म्हणावेत असे आईवडील या गटात फारच थोडे, असेही त्यांनी नोंदवले. ही मुले जन्मतःच वेगळी असतात, हे मतही त्यांनी त्याच निबंधात मांडले होते. तरीही पुढच्या काळाने जन्मजाततेचा मुद्दा बाजूला ठेवला आणि पालकांवरचा ठपका तेवढा उचलला. ज्यांच्या वहीतून पुरावा मिळाला, तेच आरोपी ठरले.

४/
स्वमग्न मुलांच्या झोपेचा इतिहास समजून घेताना ही घटना ध्यानात ठेवावी लागते. ही मुले कशी बोलतात, कशी खेळतात, हे डॉक्टरांना दवाखान्यात दिसत होते. ती रात्री काय करतात, हे मात्र घरच्यांखेरीज कोणी पाहत नव्हते. तीन-तीन तास न लागणारी झोप, दोन वाजता उठून पहाटेपर्यंत चाललेले खेळणे, मूल घराबाहेर पडेल या धास्तीने दाराला लावलेले कुलूप, या साऱ्याचा साक्षीदार एकच होता आणि त्याचीच साक्ष संशयास्पद ठरली होती.

५/
कॅनर यांनी निबंधात दोन बाबींवर सर्वाधिक भर दिला : मुलांचे एकटेपण आणि कोणत्याही गोष्टीत बदल होऊ नये हा त्यांचा हट्ट. ११ पैकी सहा मुलांना जन्मापासून खाण्याच्या गंभीर अडचणी होत्या, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. झोपेला मात्र त्या लक्षणांच्या मांडणीत स्वतंत्र स्थान मिळाले नाही. पुढे निदानाचे जे निकष रचले गेले, तेही संवाद, नातेसंबंध आणि वर्तनातील तोचतोचपणा यांभोवतीच फिरत राहिले. हे सारे दिवसा दिसणारे आहे.

६/
नावातही हाच कल आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ सालच्या सुमारास ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा घडवली, तीही छिन्नमनस्कता या आजाराच्या संदर्भात. मराठीतील ‘स्वमग्नता’ हा शब्द त्याच अर्थाचा वारसा सांगतो : मूल स्वतःत मग्न आहे. शब्द सुंदर असला, तरी तो मनाकडे बोट दाखवतो. शरीराचे घड्याळ, आतडी, कान, त्वचा यांविषयी तो काही सुचवत नाही. आणि झोप ही तर या साऱ्यांशी बांधलेली गोष्ट आहे.

७/
१९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅनर यांनी या पालकांना बर्फ न वितळणाऱ्या शीतकपाटाची उपमा दिली. ‘शीतकपाट माता’ ही कल्पना अमेरिकेत रुजली. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथातून ती घराघरांत पोहोचवली. स्वतः नाझी छळछावण्यांत राहिलेल्या बेटलहाइम यांनी स्वमग्न मुलांची तुलना छावणीतील कैद्यांशी केली. या तर्काने पाहिले तर मूल रात्री जागते यालाही कारण आईच. तिला ते नकोसे आहे आणि त्याला ते जाणवते! रात्र-रात्र उशाशी बसणाऱ्या बाईने हे दिवसा डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचे, असा तो काळ होता.

८/
योगायोग असा की, बेटलहाइम ज्या शिकागो विद्यापीठात होते, तेथेच आधुनिक निद्राविज्ञानाचा पाया घातला जात होता. नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९३८ साली एका सहकाऱ्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस काढले. सूर्यप्रकाश नसताना शरीर २८ तासांचा ‘दिवस’ पाळते का, हे त्यांना पाहायचे होते. तरुण सहकाऱ्याचे शरीर जुळले, क्लाइटमन यांचे जुळले नाही. झोपेला शरीराच्या आतून चालणारी एक लय असते आणि ती प्रत्येकात सारखी लवचीक नसते, हे त्यातून पुढे आले.

९/
१९५३ साली क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी युजीन असेरिन्स्की यांनी झोपेतील एका विशिष्ट अवस्थेचा शोध जाहीर केला. या अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलतात आणि माणूस बहुधा स्वप्न पाहत असतो. असेरिन्स्की यांच्या आरंभीच्या प्रयोगांत डोक्याला तारा लावून झोपलेली व्यक्ती होती त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. झोप आता मोजता येत होती. एकाच विद्यापीठात झोपेचे विज्ञान आणि स्वमग्नतेचा सिद्धान्त दोन्ही नांदत होते. त्यांची गाठ मात्र तेथे पडली नाही.

१०/
ती पडली कॅलिफोर्नियात. १९६५ साली लॉस एंजेलिसमधील एडवर्ड ऑर्निट्झ, एडवर्ड रिट्वो आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या झोपेचे मेंदूलेख प्रसिद्ध केले. या मुलांची जागेपणीची अवस्था म्हणजे स्वप्नावस्थेची जागृतीतील घुसखोरी तर नव्हे, असा त्यांचा प्रश्न होता. झोपेच्या स्थूल रचनेत त्यांना ठळक फरक आढळला नाही. मुद्दा असा की, झोप तपासली गेली ती दिवसाचे कोडे उलगडण्यासाठी. मूल झोपतच नाही, ही घरच्यांची तक्रार अजूनही कोणाच्या संशोधनाचा विषय झाली नव्हती.

११/
त्याच सुमारास वॉशिंग्टन राज्यात मॉन्ट्रोझ वुल्फ, टॉड रिझ्ली आणि हेडन मीस हे मानसशास्त्रज्ञ साडेतीन वर्षांच्या एका मुलावर उपचार करत होते. १९६४ सालच्या त्यांच्या निबंधात तो ‘डिकी’ या नावाने येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डिकीने चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचा धोका होता, म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. पण निबंधात आणखी एक नोंद आहे : हा मुलगा रात्री झोपत नसे आणि आईवडिलांपैकी कोणाला तरी त्याच्या खाटेशी बसून राहावे लागे. गुंगीची औषधेही निष्फळ ठरली होती.

१२/
उपाय साधा होता. मुलाला अंघोळ घालून, जवळ घेऊन, खाटेवर निजवायचे आणि दार उघडे ठेवायचे. तो उठला की परत जाण्यास सांगायचे आणि न ऐकल्यास दार लावून घ्यायचे. काही रात्रींतच झोपेच्या वेळचा आकांत ओसरला. येथे इतिहासाला एक वळण मिळाले. आईच्या मनात काय दडले आहे, हे शोधणे थांबले आणि रात्री प्रत्यक्ष काय घडते, याची मोजदाद सुरू झाली. आई आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आली आणि प्रशिक्षणार्थी झाली. आईवडिलांच्या दृष्टीने ही मोठीच सुटका होती.

१३/
या दृष्टीलाही तिची मर्यादा होती. न झोपणे ही जडलेली सवय आहे आणि ती मोडता येते, हे त्यामागचे गृहीतक. शिवाय दार बंद करायचे तर दार असलेली वेगळी खोली हवी. आपल्याकडे मूल आईच्या कुशीत निजते. मुंबईतील चाळीच्या एका खोलीत सारे घर शेजारी-शेजारी अंथरुणे घालते आणि एकाच्या रडण्याने भिंतीपलीकडचेही जागे होतात. झोपेची शिस्त शिकवणाऱ्या पाश्चात्त्य पद्धती विशिष्ट प्रकारच्या घरात घडल्या, हे त्यांच्या इतिहासातील नजरेआड होणारे कलम आहे.

१४/
पालकांची प्रतिष्ठा परत मिळवून देण्याचे श्रेय बर्नार्ड रिमलंड यांना द्यावे लागते. ते अमेरिकन नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. १९६४ सालच्या त्यांच्या ग्रंथाने स्वमग्नतेचे मूळ आईच्या वागणुकीत नसून जैविक आहे, हे पुराव्यानिशी मांडले. प्रस्तावना कॅनर यांचीच होती. ग्रंथाच्या शेवटी पालकांनी भरायची प्रश्नावली जोडलेली होती आणि भरलेल्या प्रती टपालाने रिमलंड यांच्याकडे येऊ लागल्या. आईवडिलांचे निरीक्षण पुन्हा एकदा ‘साधन’ झाले. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

१५/
शरीराकडे जाणारा दुसरा रस्ता अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला. येल विद्यापीठातील ॲरन लर्नर हे त्वचारोगतज्ज्ञ कोडावर उपाय शोधत होते. गाईबैलांच्या मेंदूतील हजारो पिनिअल ग्रंथींमधून १९५८ साली त्यांनी एक द्रव्य वेगळे केले : मेलाटोनिन. कोडावर त्याचा उपयोग झाला नाही. पण अंधार पडला की हे द्रव्य रक्तात वाढते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळवते, हे पुढच्या दशकांत स्पष्ट झाले. तीव्र प्रकाशाने माणसातील मेलाटोनिन दबते, हे १९८० साली सिद्ध झाले.

१६/
शरीर मेलाटोनिन बनवते ते सेरोटोनिनपासून, दोन टप्प्यांत. आणि काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन अधिक असते, हे शेन आणि फ्रीडमन यांनी १९६१ सालीच दाखवले होते. हे दोन धागे जुळायला चार दशकांहून अधिक काळ गेला. २००८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी दाखवले की, काही स्वमग्न व्यक्तींमध्ये मेलाटोनिन कमी असते आणि दुसरा टप्पा पार पाडणाऱ्या विकराच्या जनुकात काहींमध्ये फरक आढळतात. सर्वच स्वमग्न व्यक्तींमध्ये हे दिसत नाही. पण ‘मूल मुद्दाम जागते’ या समजुतीला येथे मोठा तडा गेला.

१७/
मेलाटोनिन हे एकच कारण नव्हे. चिंता, फेफरे, पोटाच्या तक्रारी, कानाला टोचणारा पंख्याचा आवाज, अंगाला बोचणारी चादर, झोपण्यापूर्वीच्या क्रमात झालेला लहानसा बदल, यांपैकी काहीही मुलाची झोप उडवू शकते. इंद्रियसंवेदनांची ही तीव्रता किंवा मंदता अमेरिकन निदानग्रंथाच्या निकषांत आली ती २०१३ साली. घरच्यांनी ती त्याच्या कितीतरी आधीपासून पाहिली होती. डोनाल्डच्या वडिलांनी लिहिलेल्या पत्रानंतर तोवर ७५ वर्षे लोटली होती.

१८/
ऑस्ट्रेलियात १९९५ साली अमांडा रिचडेल आणि मार्गो प्रायर यांनी पालकांनी ठेवलेल्या झोपेच्या नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेच्या अडचणी बौद्धिक क्षमता चांगली असलेल्या स्वमग्न मुलांमध्येही असतात आणि लहान वयात त्या अधिक तीव्र असतात, हे त्यातून पुढे आले. १९९९ सालच्या आढाव्यात रिचडेल यांनी निरनिराळ्या अभ्यासांतील प्रमाण एकत्र मांडले : ४४ ते ८३ टक्के. म्हणजे ही काही मोजक्या दुर्दैवी घरांची कहाणी नव्हती. बहुसंख्य घरे जागी होती आणि प्रत्येक घराला वाटत होते की, आपण एकटेच आहोत.

१९/
यात पणाला लागली होती ती केवळ आईवडिलांची विश्रांती नव्हती. अपुऱ्या झोपेने कोणतेही मूल चिडचिडे, चंचल आणि हट्टी होते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हे सारे स्वमग्नतेच्याच खाती जमा होत राहिले. दिवसा दिसणाऱ्या काही ‘लक्षणांचे’ मूळ आदल्या रात्रीत असू शकते, ही शक्यताच विचारात न घेतल्याने ज्या त्रासावर उपाय करता आला असता, तो मुलाचा स्वभाव समजला गेला.

२०/
झोपेचे मोजमाप हा स्वतंत्र पेच आहे. प्रयोगशाळेत डोक्याला, छातीला, पायाला तारा लावून झोप तपासतात. स्पर्शाने बिथरणाऱ्या मुलाला त्या सहन होणे कठीण. मनगटावर बांधायचे हालचालमापक यंत्र त्यापेक्षा सोपे, पण काही मुले तेही उपसून टाकतात. त्यामुळे सर्वांत साधे साधन टिकून राहिले : एक वही, एक पेन आणि जागा असलेला माणूस. दिवा कधी मालवला, डोळा कधी लागला, किती वेळा जाग आली.

२१/
२०१७ साली स्वमग्न मुलांसाठीच तयार केलेल्या, मेलाटोनिन हळूहळू सोडणाऱ्या चिमुकल्या गोळ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत १२५ मुले होती, बहुतांश स्वमग्न. १३ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्या मुलांची झोप रात्री सरासरी ५७.५ मिनिटांनी वाढली, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांची सुमारे ९ मिनिटांनी. पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने या औषधाला मान्यता दिली. त्या चाचणीचा मुख्य निकष ठरवला होता तो सांभाळ करणाऱ्यांनी घरी भरलेल्या झोपेच्या नोंदवहीवरून. १९४३ साली जी वही पालकांच्या वेडाचे लक्षण होती, ती २०१७ साली औषधाचा निवाडा करणारा दस्तऐवज झाली होती.

२२/
वहीलाही उत्तर न सापडणाऱ्या जागा आहेत. स्वतः स्वमग्न असलेल्या टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी गुरांना स्थिर धरणारा पिंजरा पाहून स्वतःसाठी दाब देणारे यंत्र बनवले. सर्वांगावर पडणाऱ्या दाबाने त्यांना शांत वाटे. वजनदार पांघरुणे याच कल्पनेच्या कुळातली. २०१४ साली ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर त्यांची परीक्षा झाली. झोपेची मिनिटे वाढली नाहीत. मुलांना मात्र साध्या पांघरुणापेक्षा तीच अधिक आवडली. मुलाला काय सुखावते, हा प्रश्न आकड्यांच्या पलीकडे उरतो आणि त्याचे उत्तर मुलाकडेच असते. या इतिहासातील सर्वांत उशिरा ऐकली गेलेली साक्ष तीच आहे.

२३/
२०२० साली अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत क्रम स्पष्ट आहे : आधी झोप बिघडवणारा दुसरा आजार किंवा औषध आहे का ते पाहावे, मग झोपेच्या सवयींसाठी पालकांना साहाय्य करावे आणि त्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलाटोनिनचा विचार व्हावा. त्यात दोषारोपाला जागा नाही. सवयीचा धागा आहे, शरीराचा आहे आणि पालक दोन्हीकडे सहकारी आहेत.

२४/
भारतात १९९५ सालच्या अपंगत्वविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान मिळाले. स्वमग्नतेचे प्रमाण ठरवण्यासाठी आपल्याकडे भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तिचे ४० प्रश्न सहा विभागांत आहेत : सामाजिक नाते, भावनिक प्रतिसाद, भाषा-संवाद, वर्तन, संवेदना आणि आकलन. मोजणीच्या दृष्टीने ही रचना समजण्यासारखी आहे. तरी मुलाची रात्र कशी जाते, यासाठी त्या सहांत एकही विभाग नाही.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून एक ओळखीची गोष्ट दिसेल. दप्तरातील कागद तोच असतो. त्याला कोणता प्रश्न विचारायचा आणि लिहिणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हे प्रत्येक काळ आपल्यापुरते ठरवतो. आज अनेक डॉक्टर पहिल्याच भेटीत पालकांना सांगतात, “दोन आठवडे झोपेची नोंद ठेवा आणि पुढच्या वेळी वही घेऊन या.” मिसिसिपीतल्या त्या वकिलाने हे काम कोणी न सांगता केले होते.